वानेसचे डावपेच

“माझ्या पायाशी बटाटे आहेत,” ल्युटगार्ड भिंतीकडे तोंड करून म्हणाली. “लग्नाला छत्तीस वर्षं झाली. लोक बायकांना समुद्रावर नेतात. मी बटाट्यांना पाय लावून झोपतेय.”

तक्रार भिंतीला उद्देशून होती. पण कॅम्परगाडीतला पलंग इतका अरुंद, की भिंतीला सांगितलेलं आधी ओडिएलच्या कानावरून जायचं. त्याने डोळे मिटूनच घेतले. बटाटे बाहेर ठेवता येत नव्हते. बाहेर हाल्फमेरची माणसं होती. हे तो तिला पुन्हा समजावू शकला असता, पण काल समजावलं होतं, परवाही समजावलं होतं, आणि दोन्ही वेळा तिने शेवटी “बरं” म्हटलं होतं. ल्युटगार्डचं “बरं” ओडिएलला भांडणापेक्षा जड जायचं.

बाहेर सोर्नचा घाट उजळत होता. म्हणजे उजळत असावा. चाकांखाली दगड लावूनही गाडी एका अंगाला कललेली होती, त्यामुळे एका खिडकीतून नुसतं आकाश दिसायचं आणि दुसरीतून नुसतं गवत.

मूळ बेत अगदी लहान होता, हे इथे सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं ऐकल्यावर कोणाचा विश्वास बसायचा नाही. ओडिएल हा डोर्नलारच्या पाणीपुरवठा कचेरीतून निवृत्त झालेला, नळाच्या वायसरपासून जेवणाच्या वेळेपर्यंत सगळं जागच्या जागी लागणारा फ्लेमिश गृहस्थ, आणि ‘वानेस समर्थक मंडळा’चा संस्थापक अध्यक्ष. वानेस त्याचा पुतण्या. पोराचा बाप लवकर गेला, पहिली सायकल काकाने घेऊन दिली, आणि त्या सायकलीची चूक म्हणा की पुण्याई, पोरगं आता जुलैतल्या मोठ्या शर्यतीत होतं. तीन आठवड्यांच्या. हा तिसरा प्रयत्न. आधीच्या दोन्ही वेळी डोंगरांनी त्याला राजधानी गाठायच्या आतच घरी पाठवलं होतं. यंदा एकच डोंगर उरला होता, हा सोर्नचा. दर दिवशी पहिला गडी पोहोचला की घड्याळ लागतं, आणि ठरलेल्या वेळेत जो येत नाही त्याची शर्यत तिथेच संपते. सोर्न वेळेत चढला की पुढे सपाटीचे दोन दिवस, मग राजधानी, मग डोर्नलारच्या चौकात ब्रास बँड. बँड ठरवूनही झाला होता.

तर बेत एवढाच, की चार दिवस आधी जाऊन घाटातलं एक चांगलं वळण धरायचं, रस्त्यावर पांढऱ्या रंगात ‘वानेस’ असं ठसठशीत लिहायचं, आणि शर्यतीच्या दिवशी मंडळाची बस आली की सभासदांना गरमागरम बटाट्याच्या फ्राइज खाऊ घालायच्या. त्यांना कोणी फ्रेंच फ्राइज म्हटलं की ओडिएलचा रक्तदाब वाढायचा, तेव्हा आपणही नुसतं फ्राइज म्हणू.

मंडळाच्या कामकाजातली एक बाब मात्र सांगितली पाहिजे. मंडळाचं कार्यालय म्हणजे चर्चसमोरच्या कॅफेतलं मागचं टेबल. तिथे वानेसबद्दल वाटेल ते बोलायची मुभा होती. त्याच्या मिशीवर एकदा दीड तास चर्चा झाली होती. फक्त एक वाक्य कोणी बोलत नसे. एका नव्या सभासदाने एकदा “पण चढ लागला की तो जरा...” इतकंच म्हटलं, आणि आपले ग्लास रिकामे असल्याचं टेबलावरच्या सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. वानेस मागे पडला तर त्याला एकच शब्द होता: डावपेच.

यात खोटं काही नव्हतं, हीच तर गंमत. वानेसच्या संघाचा नायक दुआर्ते नावाचा पोर्तुगीज, शर्यतीत तिसऱ्या नंबरावर. वानेसचं काम दरीतल्या सपाटीवर त्याच्यापुढे राहून वारा अंगावर घ्यायचं, मागच्या मोटारीतून पाण्याच्या बाटल्या आणून वाटायच्या, आणि नायकाला ताजातवाना डोंगराच्या पायथ्याशी पोहोचवायचं. “पायथ्याला त्याचं काम संपतं,” ओडिएल बोटाने टेबलावर घाट काढून दाखवायचा. “मग तो मुद्दाम मागे राहतो. उद्यासाठी ताकद राखतो.” काम संपतं हे खरं. मागे राहतो हेही खरं. मधला एकच शब्द तेवढा ओडिएलने आपल्या खिशातून घातलेला होता.

आता वळणाचं. ओडिएलने ते वळण हिवाळ्यातच नकाशावर हेरून ठेवलं होतं. चढ तिखट, रस्ता अरुंद, गडी अगदी हाताच्या अंतरावरून जाणार. चार दिवस आधी पोहोचून बघतो तर तिथे निळा तंबू, निळे झेंडे, आणि तंबूच्या दारात आरामखुर्चीत फिर्मिन.

फिर्मिन हाल्फमेरचा. डोर्नलार आणि हाल्फमेर यांच्यामध्ये एक कालवा आहे, आणि कालव्याच्या दोन्ही काठांवर असं मानतात की पलीकडच्यांना अक्कल वाटताना पाणी आड आलं. फिर्मिन खिडक्या-दारं विकायचा, मोठ्याने हसायचा, आणि तिकडच्या ‘बाव्हो समर्थक मंडळा’चा अध्यक्ष होता.

“या, या, अध्यक्षमहाराज!” तो बसल्या जागेवरून ओरडला. “उशीर केलात. डावपेच का?”

ओडिएलने ऐकलं नसल्याचं दाखवलं. “हे वळण मी जानेवारीत ठरवलेलं आहे.”

“मी काल ठरवलं. पण आलो लवकर.”

शेवटी रस्त्याच्या मधोमध रेघ मानून वाटणी झाली. आतली बाजू डोर्नलारची, बाहेरची हाल्फमेरची. सावली अर्थात बाहेरच्या बाजूला होती.

ओडिएलला फिर्मिनमध्ये सगळ्यात खटकायचं ते त्याला आपल्या गड्याची चाड नाही हे. बाव्हो होता सपाटीवरचा, शेवटच्या दोनशे मीटरात तोफेसारखा सुटणारा. डोंगरावर त्याची पार दैना. पण हाल्फमेरवाले ते लपवायचे सोडून त्याचे विनोद करायचे. “आमचा बाव्हो घाटात म्हणजे जिन्यावरची गाय!” फिर्मिन येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. “चढते, पण बघवत नाही!” आणि त्याची माणसं खो खो हसायची. ओडिएलला वाटायचं, याला काय निष्ठा म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी त्याने रंगाचा डबा काढला. डबा काढला पण ब्रश बुडवेना. ज्या माणसाने तीस वर्षं लोकांना विनापरवाना नळजोडणीबद्दल नोटिसा पाठवल्या, त्याने परक्या देशाच्या डांबराला परवानगीवाचून हात लावायचा कसा? तो गाडी घेऊन खाली दरीतल्या गावात गेला. रस्तेखात्याचं कार्यालय जेवणासाठी बंद होतं. जेवण अडीच तास चाललं. मग एक फ्रेंच बाई आल्या, तोंड पुसत.

“रस्त्यावर नाव लिहायची परवानगी?” बाईंनी चष्मा काढला. “मसिये, मी इथे आल्यापासून ही परवानगी मागायला कोणी आलेलं नाही.”

“मी आलोय,” ओडिएल ताठ होऊन म्हणाला.

“तेच ना. आलात म्हणजे मला नाही म्हणावं लागणार.”

“आणि आलो नसतो तर?”

“तर मला कुठे कळलं असतं?”

ओडिएलने क्षणभर विचार केला. “मग मी आलोच नाही असं समजा.”

बाईंनी त्याच्याकडे खऱ्या दुःखाने पाहिलं. “पण मी तुम्हाला बघितलंय, मसिये.”

तो घाटात परत येईस्तोवर त्यांनी घाटातल्या पोलिसालाही कळवलं होतं. पोलीस तरुण होता, सभ्य होता, आणि त्याने कॅम्परसमोर खुर्ची टाकली. पलीकडे फिर्मिनची चार माणसं लांब दांड्याच्या रोलरने गाडीएवढ्या अक्षरांत ‘बाव्हो’ रंगवत होती.

“आणि त्यांचं काय?” ओडिएलने विचारलं.

“त्यांच्याबद्दल मला काही कळवलेलं नाही,” पोलीस म्हणाला. “तुमचंच नाव आलंय.”

“नियमाने वागणाऱ्याला हे बक्षीस!” ओडिएल गाडीत येऊन म्हणाला.

“मी म्हटलं होतं, जाऊ नकोस,” ल्युटगार्ड बटाट्यांवर बसून मोजे रफू करत होती. हो, बटाट्यांवर. दिवसा ते तिची खुर्ची होते.

वरच्या अंगाला हिल्ब्रांड नावाच्या एका डच निवृत्त शिक्षकाचा कॅरॅव्हॅन होता. बरोबर बायको आणि एक जाडजूड मांजर. हिल्ब्रांडला कुठल्याही विषयावर सल्ला देता यायचा आणि तो न विचारता द्यायचा. त्याने गाडी कशी सरळ करावी ते सांगितलं, त्यानंतर ती आणखी कलली. मग कॉफीचा कप घेऊन तो त्यांच्याकडे बसला आणि अगदी निरागसपणे म्हणाला, “मग, तुमचा पुतण्या चढतो कसा?”

ल्युटगार्डच्या हातून झाकण पडलं.

“हवा काय सुंदर आहे!” ओडिएल म्हणाला.

हिल्ब्रांडने वर पाहिलं. बारीक गारा पडत होत्या.

फ्राइजची रंगीत तालीम करायची कल्पनाही हिल्ब्रांडचीच. “उंचावर तळण वेगळं लागतं,” तो म्हणाला. “आदल्या दिवशी करून बघा.” यात तथ्य होतं. फ्राइज चरबीतच तळायच्या, यावर डोर्नलार आणि हाल्फमेरचंसुद्धा एकमत आहे; आणि घाटातल्या थंडीने ओडिएलची चरबी तळणीत साबणासारखी गोठून बसली होती. हिल्ब्रांडने शेगडी गाडीच्या सपाट बाजूला घ्यायला सांगितली. सपाट बाजू कोणती, यावर दोघांचं दुमत झालं. दुमत चालू असतानाच चरबी वितळली, तळणी कलली, आणि ती सगळी फुत्कार टाकत रस्त्यावर गेली. बरोबर डोर्नलारच्या अर्ध्या भागात पसरली आणि गार वाऱ्याने बघता बघता पांढरीशुभ्र होऊन थिजली.

पहिला फिर्मिन आला. बराच वेळ मान वाकडी करून बघत राहिला.

“हे काय लिहिलंयस?”

“काही लिहिलेलं नाही.”

“नाही, छान आहे. वानेसचं चित्र ना? खाली बसलेला?”

मग पोलीस आला. तो वाकला, बोट लावलं, वास घेतला. “मसिये, हा रंग नाही.”

“नाहीच!” चार दिवसांत पहिल्यांदा ओडिएलला कायद्याची साथ मिळत होती. “शपथेवर सांगतो, रंग नाही!”

“चरबी आहे. रंग असता तर बरं झालं असतं. उद्या इथून दीडशे सायकली जायच्यात.”

आपल्याच वळणावर, आपल्याच चरबीवरून वानेस घसरतोय, हे चित्र त्याच्या डोळ्यांसमोर जे उभं राहिलं ते हलेना. उकळतं पाणी ओतलं, तर चरबी वितळून आणखी खाली पसरली आणि तिथे गोठली. भुसा हवा होता. भुसा कुठून आणणार? शेवटी हिल्ब्रांडच्या बायकोने मांजराच्या पेटीत घालायच्या शोषक मातीची तीन पोती काढून दिली. मांजर कॅरॅव्हॅनच्या खिडकीतून हे सगळं अशा चेहऱ्याने बघत होतं, की ओडिएलने नजर वळवली.

आणि मग एक गोष्ट झाली, जी ओडिएलला आवडली नाही, कारण तिच्यावर रागावता येईना. हाल्फमेरची माणसं झाडू घेऊन आली. कोणी बोलावलं नव्हतं. फिर्मिन स्वतः गुडघ्यांवर बसून पोटाचा घेर सांभाळत कलथ्याने चरबी खरवडू लागला. “गडी कोणाचा का असेना, पडायला नको,” एवढंच म्हणाला. दोन तास दोन्ही गावं खांद्याला खांदा लावून रस्ता घासत होती, आणि कालव्याच्या इतिहासात असं आधी झाल्याचं कोणाला आठवत नव्हतं. शेवटी रस्ता इतका स्वच्छ झाला की फिर्मिनच्या बाजूचा मळका दिसायला लागला. चरबी मात्र संपली. डोर्नलारच्या फ्राइज हाल्फमेरच्या उसन्या चरबीत तळाव्या लागणार होत्या. हे सभासदांना सांगायचं नाही, असं ओडिएलने ल्युटगार्डला बजावलं.

“बरं,” ल्युटगार्ड म्हणाली.

शर्यतीच्या दिवशी ऊन पडलं. मंडळाची बस आली, पिवळे शर्ट उतरले, आणि ओडिएलने खोक्यावर उभं राहून सूचना दिल्या. गड्यांच्या अंगावर पाणी टाकायचं नाही. झेंडे चाकात जाऊ द्यायचे नाहीत. “आणि मुख्य म्हणजे, कोणाही गड्याला हात लावायचा नाही. ढकललं तर शिक्षा गड्याला होते, आपल्याला नाही. मागून पंचांची मोटारसायकल असते. समजलं?” सगळ्यांनी माना हलवल्या. ओडिएलला आपलं भाषण आवडलं.

टीव्ही होता फिर्मिनच्या तंबूत, म्हणून दोन्ही गावं तिथेच दाटीवाटीने बसली. पुढे पहिल्या दोन नंबरांवरच्या डॅनिश आणि स्पॅनिश गड्यांची मारामारी जुंपली होती. दोन वर्षांचं वैर. परवा उतारावर डॅनिशची साखळी निसटली असताना स्पॅनिशने थांबायच्या ऐवजी वेग वाढवला होता, आणि त्यावरून निम्मा युरोप त्याच्यावर रुसला होता. आता डॅनिशचा संघ दरीतच असा काही वेग लावून बसला होता, की स्पॅनिशची एकेक माणसं पिकल्या फळांसारखी गळत होती.

“आता दुआर्ते हल्ला करील,” हिल्ब्रांड म्हणाला.

“छे! दुआर्ते वाट बघेल. दोघं भांडून दमले की मग,” फिर्मिन म्हणाला.

ओडिएलचं लक्ष कशातच नव्हतं. पडद्यावर दुआर्तेच्या पुढे, वाऱ्यात मान खाली घालून, वानेस होता. दरीभर तोच होता. डोर्नलारवाले गळा फाटेस्तोवर ओरडत होते. पायथा आला. वानेस बाजूला झाला, सगळी झुंड त्याच्या अंगावरून निघून गेली, आणि कॅमेराही.

“काम फत्ते,” एक सभासद म्हणाला. “आता डावपेच.”

कोणी हसलं नाही. फिर्मिनसुद्धा.

नायक लोक वळणावरून गेले ते इतक्या झपाट्याने, की चार दिवस ज्यासाठी घालवले ते शिंक येऊन जावी तसं झालं. डॅनिश पुढे, स्पॅनिश त्याच्या चाकाला चिकटलेला, दुआर्ते थोडा मागे. मग तुकड्या. मग खूप वेळ काही नाही. मग खालून एक मोठा घोळका वर येऊ लागला, सावकाश, सगळे एका तालात. हे सपाटीवरचे, दमलेले, थोराड गडी. घाटात एकत्र राहतात, हिशेब करत चढतात, आणि जगायचं तर सगळे जगू, अशा बेताने वेळेच्या काठाकाठाने वर पोहोचतात. यांच्यात बाव्हो होता, टोमॅटोसारखा लाल. फिर्मिनने फ्राइजचा कागदी कोन पुढे केला. बाव्होने त्यातली एक उचलली, तोंडात टाकली आणि डोळा मारला. हाल्फमेरने जग जिंकल्याचा जल्लोष केला.

ओडिएल माणसं मोजत होता. घोळका संपला. वानेस त्यात नव्हता.

ल्युटगार्ड गॅस बंद करून रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिली.

मग तो आला. एकटा. मागे पंचांची मोटारसायकल, एक कॅमेरेवाला, आणि त्यांच्याही मागे हरलेल्यांना गोळा करत येणारी गाडी. शर्ट उघडा, तोंडावर घामाचं पांढरं मीठ, सायकल रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत भरकटतेय. वळणाशी येता येता तो आणखी हळू झाला. त्याने मान वर केली, गर्दीत शोधलं, आणि त्याची नजर ओडिएलवर येऊन थांबली. त्या नजरेत काहीतरी मागणं होतं. लहानपणी, कालव्याच्या पुलावर, सायकलला मागून धरलेला हात सोडू नको म्हणताना असायचं तसं.

पुढचं ओडिएलने केलं असं म्हणणं बरोबर होणार नाही. ते झालं. त्याचा उजवा हात वानेसच्या पाठीला लागला, पाठ भट्टीसारखी तापलेली होती, आणि बासष्ट वर्षांचा, गुडघ्यात वंगण नसलेला, तासाभरापूर्वी खोक्यावर उभं राहून भाषण दिलेला माणूस “चल पोरा, चल पोरा, चल!” असं ओरडत त्या तिखट चढावर धावत सुटला. आपल्या गाडीपासून हिल्ब्रांडच्या कॅरॅव्हॅनपर्यंत आणि त्याच्याही पुढे. दोन्ही गावं बेभान होऊन ओरडत होती. पोलीस टाळ्या वाजवत होता. ओडिएल गवतात आडवा पडला तेव्हा वानेस वळण पार करून गेला होता, आणि चक्क उभा राहून पेडल मारत होता.

इतकं सुख ओडिएलला आयुष्यात फार वेळा झालं नव्हतं. ते सुमारे पाऊण तास टिकलं.

बातमी फिर्मिननेच आणली. तंबूतून आला तो हळूहळू, टोपी हातात घेऊन, आणि फिर्मिन हळू चालतोय हे बघूनच ल्युटगार्ड उठली.

“घोळका उशिरा पोहोचला,” तो म्हणाला. “सगळाच्या सगळा. वेळ टळून गेल्यावर.”

“मग सगळेच बाद?”

“नाही. इतक्या गड्यांना एकदम घालवता येत नाही. पंचांनी माफ केलं.” त्याने घसा साफ केला. “वानेस थोडाच मागे होता. त्यालाही करणार होते. पण मग त्यांनी ती फिल्म बघितली.”

त्याने कसली फिल्म ते सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही.

गडी आता कोट घालून, गर्दी बाजूला व्हावी म्हणून गळ्यात शिट्ट्या अडकवून, त्याच रस्त्याने खाली आपापल्या बसकडे उतरत होते. त्यांच्यात वानेसही आला. ब्रेक लावून थांबला, सायकल गाडीला टेकवली, आणि खुर्चीत बसला. ल्युटगार्डने त्याच्या खांद्यांवर घोंगडी टाकली आणि हातात फ्राइज दिल्या. तो खाऊ लागला. सगळे भोवती उभे.

“पंचच आंधळे,” एक सभासद म्हणाला.

“फ्रेंच ते. आपल्या माणसांवर डोळाच असतो.”

“मला विचाराल तर पाठीमागून वारा होता,” दुसरा म्हणाला. “त्यानेच तो पुढे गेला.”

“कॅमेऱ्याच्या कोनामुळेही तसा भास होतो,” हिल्ब्रांड म्हणाला. तो शिक्षक होता. त्याला हे बोलताना किती कष्ट पडले ते दिसत होतं.

“आमच्या बाव्होलाही ढकललं असणार कोणीतरी,” फिर्मिन म्हणाला. “एवढा जाडा माणूस आपला आपण वर जाईल का?”

ओडिएलकडे कोणी बघत नव्हतं. अख्ख्या वळणावर तेवढी एकच जागा होती जिथे कोणाचीही नजर पडत नव्हती, आणि त्या जागी तो उभा होता. उजवा हात त्याने खिशात घालून ठेवला होता. त्या तळव्याला अजून पाठीची ऊब होती, आणि तो हात कुठे ठेवावा हे त्याला कळत नव्हतं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. फिर्मिन हसला असता तरी चाललं असतं. पण ते सगळे, कालव्याच्या दोन्ही काठांवरचे, त्याच्यासाठी खोटं बोलत होते, आणि तेही इतकं वाईट.

“वानेस,” तो म्हणाला, “मी...”

“नॉन्कल,” वानेस म्हणाला. लहानपणापासून काकाला तो नॉन्कल आणि काकूला टांटे म्हणायचा. “मी उतरणार होतो.”

“कुठे?”

“इथे. तुमच्यापाशी. खालची दोन वळणं मी तेवढंच घोकत होतो. वर आपली माणसं आहेत, तिथे पोहोचलं की उतरायचं. टांटे ल्युटगार्ड काहीतरी खायला देईल. म्हणून तर हळू झालो.”

वानेसने कोनातून आणखी एक उचलून खाल्ली.

“तुझ्याकडे बघितलं, म्हटलं, धरेल आता सायकल. तर तू ढकललंस.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तो हकिगत सांगत होता. “आणि असं ढकललंस की ब्रेक लावला असता तर तोंडावर पडलो असतो. मग सगळेच ओरडायला लागले. हाल्फमेरवालेसुद्धा. माझ्यासाठी. अशा वेळी माणसाने उतरायचं कसं?”

“मग?” ल्युटगार्डने विचारलं.

“मग काय. नऊ किलोमीटर राहिले होते. चढलो.”

ओडिएल मटकन बटाट्यांच्या पोत्यावर बसला. त्या नजरेतलं मागणं त्याने उलटं वाचलं होतं. पुलावर पोरगं ‘सोडू नको’ म्हणायचं. आज ते ‘पुरे’ म्हणत होतं. नऊ किलोमीटर. त्या जळत्या पाठीने, तो पाठमोरा उभा राहून पेडल मारत गेला तो काकाला वाईट वाटू नये म्हणून.

“पण चढलास ना!” मघाचा सभासद पुढे सरसावला. “तेच महत्त्वाचं. आणि राजधानी हुकली ती एका परीने बरीच झाली. ताकद राहिली. पुढच्या वर्षी...”

“अगदी बरोबर,” दुसरा म्हणाला. “डावपेच म्हणून बघितलं तर...”

वानेसने हातातला कोन मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. तो एकतीस वर्षांचा होता, आणि त्या क्षणी ओडिएलला दिसलं की हे पोरगं गेली किती वर्षं दर जुलैमध्ये त्या एका शब्दाच्या मागे लपलेलं आहे. आणि तो शब्द आपण आणून दिला, घट्ट लावून दिला, वर त्याला मंडळाचा शिक्का मारला. त्याला बाहेर यायला दारच ठेवलं नाही.

“गप्प बसा,” ओडिएल म्हणाला.

तो उठला, वानेससमोर जाऊन उभा राहिला, आणि त्याला पहिल्यांदा जाणवलं की हे वाक्य आपल्याला पाठ आहे. कितीतरी वर्षांपासून शब्द न शब्द पाठ आहे.

“वानेस,” तो म्हणाला, “तुला डोंगर चढता येत नाहीत.”

वानेसने डोळे उघडले.

“नाही येत, नॉन्कल,” तो म्हणाला. “कधीच नाही आले.”